गोगलगाय अन् पोटात पाय: एका रात्रीत १७ रोपं गायब

कुंडीवाली

मंडळी, मदत हवी आहे. परवा संध्याकाळी झिनियाची २२ रोपं वाफ्यात लावली. महिनाभर ट्रेमध्ये लेकरासारखी वाढवलेली. लावून झाल्यावर छान पाणी घातलं, मागे उभी राहून दोन मिनिटं कौतुकानं बघितलं आणि झोपायला गेले. सकाळी बघते तर १७ रोपांचे नुसते दांडे उभे. पानं नाहीत, शेंडे नाहीत. दोन ठिकाणी तर दांडाही नाही, रोप लावलं होतं की नाही अशी शंका यावी इतकी साफ जागा.

वाफ्याच्या विटेवर चांदीसारखे चकचकीत पट्टे दिसले, म्हणजे गोगलगाय असणार. पण मी रोपांभोवती अंड्यांच्या कवचांचा चुरा टाकला होता हो! चांगला जाड थर. तो पट्टा त्या चुऱ्यावरूनच गेलेला आहे.

घरात मांजर आहे, त्यामुळे विष नको. बाकी काहीही सुचवा. उरलेली पाच रोपं सध्या उचलून कुंडीत, टेबलावर ठेवली आहेत.

शंकासुर

अळी नाही कशावरून? रात्रीत रोपं कापून टाकणाऱ्या अळ्याही असतात.

मातीचे हात

शंका रास्त आहे. पण देठ कुरतडणारी अळी बहुतेक वेळा रोप जमिनीलगत कापते आणि कापलेला भाग तिथंच आडवा पडलेला सापडतो. पानं खाणाऱ्या अळ्या असतील तर खाली किंवा पानांवर काळ्या-हिरव्या बारीक लेंड्या दिसतात. गोगलगायीची जीभ म्हणजे कानस असते. तिच्यावर हजारो सूक्ष्म दात असतात आणि त्यांनी ती पान खरवडत जाते. म्हणून भोकं वेडीवाकडी, कडा फाटल्यासारख्या. वर चिकट माग असला की संशयाला जागा उरत नाही. मात्र माग उन्हात वाळून उडतो, तो बघायचा तर सकाळी लवकर.

ताई, कवचांचं सांगतो. हा उपाय पिढ्यान्पिढ्या एकमेकांना सांगितला जातो, पण गोगलगाय धारदार वस्तूवरून अगदी मजेत जाते. तिच्या पायाखाली तिचाच चिकट स्राव असतो, ती त्याच्यावरून सरकते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०१८ साली याची रीतसर चाचणी जाहीर केली होती. लेट्यूसच्या रोपांभोवती तांब्याची पट्टी, बारीक खडी, पाइनच्या सालीचं आच्छादन, लोकरीच्या गोळ्या आणि अंड्याची कवचं असे पाच अडथळे लावून बघितले. काहीच न लावलेल्या रोपांइतकीच ही पाचही प्रकारची रोपं खाल्ली गेली.

उलट गोगलगायीला शंखासाठी कॅल्शियम लागतंच. तुम्ही रोपांबरोबर शंखाचं टॉनिकही वाढून ठेवलंत असं म्हणायला हरकत नाही. 😀

कुंडीवाली

हसू की रडू? तीन आठवडे कवचं साठवत होते.

बागुलबुवा

एवढं काय त्यात. मीठ टाका. दोन मिनिटांत खेळ खलास.

रानवारा

बागुलबुवा, कृपा करून असले सल्ले देऊ नका. मिठानं गोगलगाय मरते हे खरं, तिच्या अंगातलं पाणी ओढलं जातं आणि ती फेस काढत तडफडून मरते. एकदा बघितलंत तर पुन्हा हात होणार नाही. आणि ते मीठ जातं कुठं? मातीत. रोपाच्या मुळांचंही तेच होतं. मी सुरुवातीच्या दिवसांत एका वाफ्याच्या कडेनं मिठाची रेघ ओढली होती. पाऊस आला, मीठ आत झिरपलं आणि गोगलगायींनी सोडलेली रोपं मी मारली.

राखेचंही जवळपास तसंच. कोरडी आहे तोवर थोडा अटकाव होतो. एकदा पाणी लागलं की नुसता चिखल. रोज रोज टाकत राहिलं तर माती अल्कधर्मी होते ते वेगळंच. सिलिकायुक्त पांढरी माती मिळते तिचीही तीच गत, ओली झाली की संपली. आणि गोगलगायी बाहेर कधी पडतात? सगळं ओलं असतं तेव्हाच!

निशाचर

कुंडीवाली ताई, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य पुन्हा वाचा. "संध्याकाळी लावली… छान पाणी घातलं… झोपायला गेले." अख्खी गोष्ट त्या एका वाक्यात आहे.

गोगलगाय म्हणजे चालतंबोलतं पाणी. शंख नसलेलीचं (काही जण तिला नुसतं स्लग म्हणतात) तर अंगावर कातडीशिवाय काहीच नाही. उन्हात, वाऱ्यात ती सुकून मरते. म्हणून दिवसा ती कुठंतरी गारव्याला दडून बसते आणि अंधार पडून जमीन ओली झाली की निघते. कोरड्या जमिनीवरून सरकायला तिला जास्त स्राव खर्चावा लागतो, स्राव म्हणजे पाणी, म्हणून कोरडी जमीन ती होता होईतो टाळते. तुम्ही संध्याकाळी वाफा भिजवला म्हणजे तिच्यासाठी पायघड्या अंथरल्या. पाणी सकाळी घाला. दिवसभरात वरचा थर सुकतो, मुळांना खाली ओल मिळते आणि रात्री चालायला रस्ता कोरडा राहतो. फुकटातला उपाय आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठा.

दुसरं, टॉर्च. बॅटरी हातात घ्या, सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांनी बाहेर पडा आणि फक्त बघा. पहिल्या रात्री काही उचललं नाही तरी चालेल. कुठून निघतात, कुठल्या रोपाकडे जातात, कुठल्या रोपाला हुंगूनही बघत नाहीत, हे डोळ्यांनी पाहा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा समज होता की शत्रू कुंपणापलीकडून येतो. प्रत्यक्षात सगळी फौज माझ्याच रिकाम्या कुंड्यांच्या उतरंडीतून निघत होती. कुंडीत कुंडी घालून ठेवलेली ना, त्या मधल्या फटीत. इतकं सुरक्षित, दमट, अंधारं घर मीच बांधून दिलेलं.

तिसरं, सापळा. एखादी जुनी फळी, फरशीचा तुकडा किंवा ओलं पोतं वाफ्याच्या कडेला टाका. फळीखाली दोन खडे ठेवा म्हणजे बोटभर फट राहील. खाली कोबीची टाकाऊ पानं सरकवा. रात्रभर हिंडून पहाटे त्या आपण होऊन खाली येऊन बसतात. सकाळी फळी उलटली की सगळ्या एका जागी. उलटायला मात्र रोज हवं. चार दिवस विसरलात तर ते सापळा न राहता वसतिगृह होतं.

उचललेल्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. निर्दयपणा वाटतो, मला अजूनही वाटतो. पण दुसरा मार्ग सांगणाऱ्यानं स्वतः २०० गोगलगायी पोसून दाखवाव्यात.

आणि उरलेली पाच रोपं घाईनं जमिनीत लावू नका. गोगलगायीला कोवळं हवं असतं. रोप हातभर झालं, देठ जून झाला की तिनं दोन पानं खाल्ली तरी ते तगतं. पहिले दोन-तीन आठवडे काय ते सांभाळायचे. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ आणि गळा कापून नळकांडं करा, रोपाभोवती मातीत दोन बोटं रुतवा. आत एखादी आधीच दडलेली नाही ना, एवढं बघा. नाहीतर तिला बंद खोलीत जेवण वाढल्यासारखं होईल.

शंकासुर

मारण्यापेक्षा कुंपणापलीकडे फेकल्या तर? पापही नाही आणि व्यायामही.

मातीचे हात

परत येतात. खरंच येतात, गंमत नाही.

रूथ ब्रूक्स नावाच्या ब्रिटनमधल्या एका आजींना हाच प्रश्न पडला होता. २०१० साली बीबीसीच्या रेडिओवर हौशी शास्त्रज्ञांची स्पर्धा होती, त्यात त्यांनी हाच प्रयोग केला. गोगलगायींच्या शंखांवर नेलपॉलिशचे ठिपके लावले, वेगवेगळ्या अंतरावर सोडल्या आणि कोण परत येतं ते मोजलं. एक्सेटर विद्यापीठातल्या डेव्ह हॉजसन या शास्त्रज्ञाची मदत होती. गोगलगायींना घरचा रस्ता सापडतो असं निघालं आणि आजींनी ती स्पर्धा जिंकली. पुढच्या अभ्यासातून असं दिसलं की २० मीटरपेक्षा लांब नेऊन सोडल्या तर परतण्याची शक्यता खूपच कमी होते.

म्हणजे कुंपणापलीकडे फेकणं हा फक्त तुमचा व्यायाम. तिचा फेरफटका.

शंकासुर

नेलपॉलिश आणायला निघालो.

बागुलबुवा

मिठाचं मागे घेतो, रानवारांचं बरोबर आहे. पण तांब्याच्या पट्टीला नावं ठेवू नका. माझ्या सहा कुंड्यांना लावली आहे आणि त्या सहाही कुंड्यांत दोन वर्षांत एक गोगलगाय नाही. ब्रिटनवाल्यांचं ते जाणोत.

मातीचे हात

असेल की. पण मला दोन गोष्टी सांगा. त्या कुंड्या जमिनीवर आहेत की स्टँडवर? आणि त्यात काय लावलंय?

बागुलबुवा

स्टँडवर. रोझमेरी आणि लॅव्हेंडर.

मातीचे हात

🙏

निशाचर

बागुलबुवा, रोझमेरीला पट्टी नसती तरी कुणी फिरकलं नसतं हो. उग्र वासाची, लवदार किंवा चिवट पानं त्यांना आवडत नाहीत. नेचे, लॅव्हेंडर, वासाची जिरेनियम यांच्या वाट्याला त्या सहसा जात नाहीत. झेंडू, डेलिया, झिनिया, लेट्यूस, पालक, कोबीची रोपं म्हणजे मेजवानी. झेंडू लावला की कीड जाते असं ऐकून मी भाजीच्या वाफ्याभोवती झेंडू लावला होता. गोगलगायींनी आधी झेंडू संपवला, मग भाजी.

कुंडीवाली

कालची रात्र! लिहिल्याशिवाय राहवत नाही.

साडेनऊला बॅटरी घेऊन गेले. पहिली पाच मिनिटं काहीच नाही, म्हटलं निशाचरांनी उगाच घाबरवलं. मग वाफ्याच्या कडेच्या विटेवर प्रकाश टाकला, तर वीट हलतेय असं वाटलं. करड्या रंगाच्या, बिनशंखाच्या, माझ्या करंगळीएवढ्या, एकामागे एक सात जणी. त्यातली एक माझ्या समोर उभ्या दांड्यावर चढली. आधी वरची दोन लांब शिंगं, टोकाला काळे ठिपके, ते डोळे असावेत. खालची आखूड शिंगं देठाला लावून लावून चाचपत होती. मग तोंड टेकवलं आणि देठाची हिरवी साल एका बाजूनं पांढरी होत गेली. अगदी सावकाश, घाई म्हणून नाही. मी रागानं गेले होते आणि दहा मिनिटं बघतच बसले.

मोजून ४१ उचलल्या. हातमोजे विसरले होते. तो चिकटा साबणानं जाईना, जितकं पाणी लावावं तितका फुगतो.

सकाळी रिकाम्या कुंड्यांची उतरंड काढली. निशाचर, तुमच्या पाया पडते. तिसऱ्या आणि चौथ्या कुंडीच्या मधे पुंजकाच होता. आणि तळाच्या कुंडीखाली मातीत पांढरट, अर्धपारदर्शक गोळ्यांचा घोस, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. ही अंडीच ना?

निशाचर

अंडीच. ४१ पकडल्याचा आनंद आहेच, पण तो घोस सापडला ही खरी कमाई. उकरून कडक उन्हात पसरा, सुकून जातील. मातीत परत मिसळू नका. बहुतेक गोगलगायी उभयलिंगी असतात, म्हणजे जोडीतल्या दोघीही अंडी घालू शकतात. काही जातींतली एकटी राहिलेली स्वतःच स्वतःचं फलन करून मोकळी होते. त्यामुळे "एकच तर आहे" असं म्हणून सोडून देऊ नये.

चिकट्याचं: पाणी लावायच्या आधी कोरडे हात एकमेकांवर चोळायचे, त्याच्या सुरळ्या होऊन गळून पडतात. मग साबण.

रानवारा

विषाचा विषय ताईंनी आधीच बंद केलाय, तरी धागा पुढे कुणीतरी वाचेल म्हणून लिहिते. निळ्या-हिरव्या गोळ्या मिळतात त्यात बऱ्याचदा मेटाल्डिहाइड असतं. धान्याच्या पिठात कालवलेलं असल्यामुळे कुत्र्यांना ते खाणं वाटतं. आमच्या कुत्रीनं वाफ्यातल्या गोळ्या चाटल्या. तासाभरात थरथर, मग झटके. लगेच डॉक्टरकडे नेली म्हणून वाचली. ज्यानं गोळ्या विकल्या त्यानं "प्राण्यांना काही होत नाही" असं छातीठोक सांगितलं होतं आणि मी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली नव्हती. चूक माझीही. ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२च्या वसंतापासून या गोळ्या बागेत वापरायला बंदी आहे, कारण पक्षी आणि इतर प्राणीही मरतात.

गोळ्या टाकायच्याच असतील तर फेरिक फॉस्फेटच्या बघा. त्या त्यामानानं पुष्कळ सौम्य. गोगलगाय खाते, तिचं खाणं बंद होतं, मग ती जमिनीत किंवा आडोशाला जाऊन काही दिवसांनी मरते. मेलेल्या दिसत नाहीत म्हणून लोकांना वाटतं औषध फुकट गेलं आणि ते आणखी ओततात. ढीग करायचा नाही, विरळ विखरायच्या. मांजर आहे म्हटल्यावर याही तिच्या आवाक्यात नकोतच.

मातीतल्या सूक्ष्म कृमींचा उपायही आहे, फॅस्मऱ्हॅब्डायटिस नावाचे सूत्रकृमी. पाण्यात मिसळून ओल्या मातीत घालतात, ते बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंगात शिरून तिला मारतात. जिथं मिळतात तिथं चांगले, पण जिवंत माल आहे, मुदत बघून घ्यायचा आणि माती सतत ओलसर ठेवायची. शंखवाल्यांवर फारसा उपयोग नाही, त्या मातीत कमी आणि वरच जास्त असतात.

हळद्या

बिअरचा वाडगा कुणीच कसा काढला नाही अजून?

मातीचे हात

काढला असता, पण ती त्यांना पाजणं जिवावर येतं.

चालतो तो उपाय. त्यांना ओढून आणतो तो आंबलेला वास, मग बिअर कशाला? पाणी, साखर आणि यीस्ट पुरतं. वाडग्याची कड मातीच्या वर दोन सेंटिमीटर ठेवा, नाहीतर गोगलगायी खाणारे भुंगेरेच त्यात पडून मरतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये आणखी सोपं दाखवलं: पावाचं आंबवलेलं पीठ, म्हणजे मैदा, पाणी आणि यीस्ट. वेगवेगळ्या जातींच्या गोगलगायी त्याच्याकडे येतात. माझा अनुभव असा की वाडगा रोपांच्या मधोमध ठेवू नये. आमंत्रण देऊन आणलेली प्रत्येक पाहुणी वाडग्यात पडेलच असं नाही, वाटेत रोप लागलं की ती तिथंच थांबते. कडेला, दोन-तीन पावलं लांब ठेवा.

हळद्या

आणि कॉफीचा चोथा? मी रोज टाकतो.

मातीचे हात

यामागे खरी गोष्ट आहे, फक्त अर्धीच पोचली. हवाईमध्ये संशोधक बेडकांविरुद्ध कॅफिनची फवारणी करून बघत होते, तेव्हा त्यांना दिसलं की कुंडीतल्या गोगलगायीही मरताहेत. २००२ साली ते 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. पण त्यांचं द्रावण १ ते २ टक्के कॅफिनचं होतं. कपातल्या कॉफीत ०.०५ टक्क्यांच्या आसपास असतं आणि चोथ्यात गाळून उरलेलं. शिवाय तीव्र द्रावणानं काही रोपांची पानंही करपतात. चोथा खतात टाका.

रानवारा

एक आवर्जून. हातमोजे हा फक्त किळसेचा प्रश्न नाही. काही गोगलगायींच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमींच्या अळ्या असतात. त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. पूर्व आफ्रिकेतून जगभर पसरलेली ती मोठी, मुठीएवढी शंखवाली आहे ना, तिच्यात या हमखास सापडतात असं धरून चालावं. नंगे हात लावू नका, लहान मुलांना शंख खेळायला देऊ नका आणि बागेतली पालेभाजी पान-पान उलटून धुवा. बारीक पिल्लू पानाच्या घडीत बसलेलं दिसतही नाही.

काजवा

एवढा वेळ वाचनमात्र होतो, नावामुळे लिहावंच लागतंय. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात. स्वतःहून कितीतरी मोठ्या गोगलगायीला चावून, तिला लुळं करून, मग खातात. विष टाकलेल्या बागेत काजवे का दिसत नाहीत याचं एक उत्तर हे. भुंगेरे, बेडूक, काही पक्षी हेही त्याच पंगतीतले. कोपऱ्यात थोडं गवत, दोन दगड, पाण्याचं एक उथळ भांडं असू द्या.

पण बाहेरून शत्रू आणून सोडायचा मोह नको. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीला खायला म्हणून १९५५ साली हवाईत एक शिकारी गोगलगाय सोडली होती. तिनं मोठीला सोडलं आणि झाडांवरच्या स्थानिक, निरुपद्रवी गोगलगायी संपवल्या. पुढे १९७७मध्ये ताहितीजवळच्या मूरिया बेटावरही तीच आणली आणि तिथल्या पार्टुला गोगलगायी काही वर्षांत रानातून नाहीशा झाल्या.

सगळ्याच जणी रोपांवर उठलेल्या नसतात, हेही सांगतो. ठिपक्याठिपक्यांची मोठी 'लेपर्ड स्लग' मुख्यतः कुजलेलं खाते, जमलं तर दुसऱ्या स्लगलाही. वर ज्या सोसायटीचा उल्लेख आलाय तिनंच २०२२मध्ये जाहीर केलं की गोगलगायींना यापुढे 'कीड' म्हणणार नाही. पालापाचोळ्याची माती करायला कुणीतरी लागतंच.

शंकासुर

पण त्यांची झिनिया कुणी खाल्ली नसेल.

कुंडीवाली

तीन आठवड्यांनी हजेरी लावतेय.

पाणी सकाळी. उतरंड मोडली, कुंड्या आता उपड्या, सुट्या. दोन फळ्या वाफ्याच्या दोन टोकांना, रोज सकाळी उलटते. पहिल्या आठवड्यात रात्री ४१, ३३, ३६, मग पाऊस झाला त्या रात्री ५२ (तेव्हा रडायचीच बाकी होते), मग २०, आणि आता चार-पाच. कुजलेला पाला खताच्या ढिगात हलवला, वाफ्यापासून लांब. तिथं त्या खुशाल असोत, काजवा यांच्या शब्दाखातर.

पाच रोपं टेबलावरच हातभर वाढवली आणि बाटलीच्या नळकांड्यांसकट जमिनीत लावली. नवीन १५ ट्रेमध्ये आहेत. पाचांपैकी एका रोपाला कळी धरली आहे.

एकच कोडं राहिलंय. टेबलावरच्या डेलियाच्या कुंडीत रोज सकाळी एक नवं पान खाल्लेलं आणि कुंडीवर ताजा माग. माती वरून उकरली, पानांखाली बघितलं, रात्री दोनदा उठून बघितलं. कुणी सापडत नाही.

निशाचर

कुंडीच्या वरच्या कडेला बाहेरून खाली वळवलेली पट्टी आहे का? त्या पट्टीच्या आतून बोट फिरवून बघा. तळाची भोकंही.

कुंडीवाली

थांबा, बघून येते.

कुंडीवाली

होती.